आजीच्या नथीतले मोती बसऱ्याचे आहेत का, हे कसं ओळखावं?

दातावर घासून बघा असं सगळे सांगतात. त्याने फक्त काच-प्लास्टिकचा मोती कळतो. बसरा मोती नैसर्गिक असतो; पण कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मणी घालून वाढवलेला, मोतीही दाताला खरखरीतच लागतो, त्यामुळे तुमचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

बसरा ही इराकमधली बाजारपेठ. मोती यायचे इराणी आखातातून, मुख्यतः बहरीनच्या आसपासच्या समुद्रातून, आणि पुढे मुंबईत त्यांची मोठी उलाढाल व्हायची. १९३० च्या सुमारास जपानी कल्चर्ड मोती आले, मंदी आली आणि हा धंदा बसला. म्हणून आज बहुतेक अस्सल बसरा मोती जुन्या दागिन्यांतच सापडतात.

भिंग घेऊन मोत्याचं भोक बघा. जुन्या मोत्याचं भोक सहसा बारीक असतं, कारण मोती वजनावर विकला जाई आणि कुणी वजन वाया घालवत नसे. भोकाच्या आत बाहेरचा थर आणि मधला मणी यांच्यामधली रेघ दिसली, तर मोती कल्चर्ड. रेघ दिसली नाही तरी खात्री धरू नका. पक्का निकाल लॅबमधल्या एक्स-रेनेच लागतो.

भाव ठरतो पाणी, गोलाई, आकार आणि जोड यांवर. एकसारख्या मोत्यांची जोडी जमणं फार दुर्मीळ. बडोद्याच्या गायकवाडांच्या मोत्यांचा दुपदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना गेला, त्यामागे हेच कारण.

नथीचे इवलेसे मोती तेवढे महाग नसतात, पण कृपा करून नथ मोडीत घालू नका. नुसती गाठवून घ्यायची असेल तरी मोती मोजून, फोटो काढून मगच सराफाकडे द्या.