वाचकांचे प्रश्न : गुगलमध्ये आमची वेबसाइट का दिसत नाही?

प्रश्न : चप्पल लाईनीत आमचं दुकान आहे. चार महिन्यांपूर्वी वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) वेबसाइट करून घेतली. दुकानाचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी गुगलमध्ये ती येत नाही. करून देणारा म्हणतो, आता एसइओचं, म्हणजे साइट गुगलमध्ये वर आणायच्या कामाचं, पॅकेज घ्या. घ्यावं का?
– एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : आत्ता एक रुपयाही देऊ नका. स्वतःच्या नावानंही साइट येत नसेल, तर बहुतेक ती गुगलच्या यादीतच गेलेली नाही. आधी यादीत जाऊ दे, नंबर वरचा की खालचा हे मग बघू.

वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, मग रीडिंग उघडा. अगदी खाली ‘सर्च इंजिन व्हिजिबिलिटी’समोर एक चौकट असते. साइट अर्धवट असताना ती बाहेर दिसू नये म्हणून तिथे टिक करतात आणि काम संपल्यावर ती काढायची राहून जाते. टिक असेपर्यंत प्रत्येक पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’ असतं, म्हणजे ‘हे पान यादीत घेऊ नका’ अशी तुम्हीच गुगलला दिलेली सूचना. टिक काढा, सेव्ह करा आणि कॅशेचं (पानांच्या प्रती साठवून ठेवणारं) प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, असेल तर कॅशे रिकामा करा, नाहीतर जुनाच कोड बाहेर जात राहतो.

तिथे टिक नसेल तर तुमच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल (साइटचा कुठला भाग बघायचा ते गुगलला सांगणारी) ब्राउझरमध्ये उघडून बघा. ‘यूजर-एजंट’पुढे तारका आणि त्याखाली ‘डिसअलाऊ’पुढे नुसती तिरकी रेघ दिसली, तर अख्ख्या साइटला कुलूप आहे.

मग गुगल सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन, उघडा. ते फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे पटवण्याचा एक मार्ग म्हणजे डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कुठे न्यायचं त्या नोंदवहीत, एक टीएक्सटी नोंद करणं; त्यासाठी डोमेनचं लॉगिन तुमच्या हातात हवं. ते करून देणाऱ्याच्याच नावावर असेल तर आजच मागून घ्या. पुढे सगळं तिथेच अडतं. कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांची यादी, द्या (वर्डप्रेस ५.५ पासून तो आपोआप तयार होतो), मुखपृष्ठाचा पत्ता वरच्या पट्टीत टाकून तपासा आणि ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबा. परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेच बटण रोज दाबून काम लवकर होत नाही.

‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असं आलं, तर गुगलनं पान पाहिलंय पण ठेवून घेतलेलं नाही. चाळीस चपलांची चाळीस पानं, प्रत्येकावर एक फोटो आणि ‘बेस्ट क्वालिटी’ एवढंच, असं असलं की बऱ्याचदा हे होतं. पानाला शीर्षक द्या : ‘पुरुषांसाठी कापशी कोल्हापुरी चप्पल, हातशिलाईची’. त्याखाली गिऱ्हाईक दुकानात येऊन जे विचारतं ते सगळं लिहा : चामडं कुठलं, तळ किती थरांचा, वेणी कशी, कान केवढे, भिजली तर कशी वाळवायची. माप कसं घ्यायचं तेही सांगा : पाऊल कागदावर टेकवून टाचेपासून सर्वांत पुढच्या बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये. फोटोच्या ‘आल्ट’मध्ये (फोटोला जोडलेल्या लेखी वर्णनात) फोटोत दिसतं ते साध्या वाक्यात येऊ दे. ‘मेटा कीवर्ड्स’ची, म्हणजे कोडमध्ये लपलेल्या शोधशब्दांची, रांग मात्र भरत बसू नका; क्रमवारीसाठी ती आम्ही वापरत नाही, हे गुगलनं २००९ सालीच सांगितलंय.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. छापील माहितीपत्रकातला मराठी मजकूर साइटवर घातला, तो दिसतोही छान. पण ‘कोल्हापुरी गूळ’ शोधलं की आम्ही कुठेच नाही.
– एक गूळ उत्पादक, करवीर तालुका

उत्तर : पानावरचं एक वाक्य कॉपी करून स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठीच उमटलं तर मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाणित पद्धतीतला, आहे. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली, तर मजकूर डीटीपीच्या जुन्या फाँटमधला आहे. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. माणसाला ‘गूळ’ दिसतो, गुगलला मात्र ती निरर्थक रोमन अक्षरंच मिळतात. आणि वाक्य निवडताच येत नसेल तर तुम्ही माहितीपत्रकाचं चित्रच चिकटवलंय. तो मजकूर नव्यानं टाइप करा.

जुन्या फाँटचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो, पण नंतर डोळ्यांत तेल घालून वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास तुटतात, आणि ‘गुऱ्हाळ’ हा तर तुमच्या पानावरचा मुख्य शब्द! ‘गूळ’ दीर्घ लिहावा की ‘गुळ’ ऱ्हस्व, ही चिंता नको. ‘गूळ’ शुद्ध लिहा. ‘गुळाची ढेप’, ‘गुळाचा रंग’ यांत ऱ्हस्व रूप आपसूक येतंच.

पानाचा पत्ता देवनागरीत ठेवला तरी गुगलला चालतो. अडचण पुढे येते : लिंक कॉपी केली की ‘गूळ’मधली ग, ऊकार आणि ळ ही तीन चिन्हं टक्क्यांच्या खुणांसह २७ अक्षरांची होतात. अशी लांबलचक लिंक पाहून माणसं दचकतात. आमचं मत : मजकूर मराठीत, पत्ता छोटा आणि रोमन लिपीत. इंग्रजी माहितीही द्यायची तर वेगळं पान करा आणि दोन्ही पानं ‘एचरेफलँग’नं (कुठलं पान कुठल्या भाषेत ते गुगलला सांगणाऱ्या कोडनं) एकमेकांना जोडा. एकाच बाजूनं जोडलेलं गुगल धरत नाही.

प्रश्न : आमचा सुट्या भागांचा कारखाना आहे. साइट नवी केली आणि चौकशीचे फोन थांबले. असं का?
– एक उद्योजक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : जुन्या पानांचे पत्ते बदलले असतील आणि लोक रिकाम्या पानावर येऊन परत जात असतील. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतची आकडेवारी मिळते. तिथून क्लिक मिळणाऱ्या जुन्या पत्त्यांची यादी काढा आणि प्रत्येक पत्ता ३०१ रीडायरेक्टनं (पत्ता कायमचा बदलल्याच्या सूचनेनं) त्याच विषयाच्या नव्या पानाकडे वळवा. सगळे मुखपृष्ठाकडे वळवलेत तर उपयोग नाही. व्हॉल्व्हचं पान शोधणाऱ्याला व्हॉल्व्हच मिळायला हवा. ही सोय किमान वर्षभर ठेवा.

प्रश्न : महाद्वार रोडजवळ आमचं लॉज आहे. एक जण ३० दिवसांत गुगलवर पहिला नंबर आणि ५०० बॅकलिंक, म्हणजे इतर साइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंक, देतो म्हणतो.
– एक लॉजमालक

उत्तर : पहिल्या नंबरची खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि नंबर वाढवण्यासाठी विकत घेतलेल्या लिंक गुगलच्या नियमांत बसत नाहीत. त्याला एवढंच विचारा : कुठल्या पानावर काय बदलणार, ते लिहून द्या.

तुमचं जास्त काम नकाशावर आहे. गुगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या नकाशावरची तुमच्या लॉजची नोंद, फुकट असतं. त्यात नाव पाटीवर आहे तेच टाका. नावापुढे ‘मंदिराजवळ स्वस्त लॉज’ जोडलंत तर प्रोफाइल बंद पडू शकतं. पत्ता, फोन आणि खोली सोडण्याची वेळ साइटवर आणि प्रोफाइलवर सारखी असू दे. नकाशावरचा क्रम शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक यांवर ठरतो. अंतर तुमच्या हातात नाही. पाहुण्याला अभिप्राय मागायला हरकत नाही, फक्त त्याबदल्यात सवलत देऊ नका, तेही नियमाबाहेर आहे. नवरात्रात दर आणि वेळा बदलत असतील तर घटस्थापनेच्या आठवडाभर आधीच त्या दोन्हीकडे बदलून ठेवा.