दोन ग्रुप नव्हेत, दोन निकष

प्रश्न असा आला आहे : खूण करून सोडलेल्या आणि पुन्हा पकडलेल्या पक्ष्यांच्या नोंदी ‘मार्क’ या, अशा नोंदींवरून पक्षी जगण्याचं प्रमाण काढणाऱ्या, संगणक प्रणालीच्या फाइलीत भरायच्या आहेत. नर-मादी आणि पिल्लू-प्रौढ असे ‘दोन ग्रुप’ आहेत. मराठीत त्यांना दोन गट म्हणावं की दोन वर्ग? आणि फाइलीत दोन स्तंभ पुरतील का?

पुरणार नाहीत. मुळात ‘दोन’च चुकलं आहे. ‘लिंग हा एक गट, वय हा दुसरा गट’ हे वाक्य हल्ली व्याख्यानांतून इतक्यांदा कानावर पडतं की चीड येते. लिंग हा गट नाही, नर हा गट आहे. लिंग हा गट पाडण्याचा निकष. निकष दोन, प्रत्येकाचे पर्याय दोन, म्हणून गट चार : नर-पिल्लू, नर-प्रौढ, मादी-पिल्लू, मादी-प्रौढ. फाइलीत स्तंभही चार. सात हंगामांची एक ओळ अशी दिसेल (प्रत्यक्षात अंक इंग्रजी घाला) :

०११०१०० ० १ ० ० ;

पहिले सात अंक हंगामांचे (१ म्हणजे सापडला, ० म्हणजे नाही), पुढचे चार वरच्याच क्रमाने गटांचे. म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या हंगामात हाती लागलेला, प्रौढ असताना खूण केलेला एक नर. तुमच्या दोन स्तंभांत नरासाठी १ आणि प्रौढासाठी १ घातलात, तर प्रणाली त्याला एकच इतिहास असलेले दोन पक्षी समजेल. मादी-पिल्लापुढे मात्र ० ० येईल आणि ते पिल्लू मोजणीतूनच जाईल.

या चुकीचं मूळ मला शिकवण्याच्या उदाहरणात दिसतं. पूर्व फ्रान्समधल्या ओढ्यांवरच्या डिपर पक्ष्यांच्या १९८१ ते १९८७ या काळातल्या नोंदी, एकूण २९४ पक्षी, जवळपास प्रत्येकजण याच नोंदींवर हात बसवतो. तिथे निकष एकच, लिंग, आणि स्तंभ दोन. शिकणारा स्तंभ पाहतो आणि ‘दोन ग्रुप’ एवढंच लक्षात ठेवतो. दुसरा निकष आला की तो निकषागणिक एकेक स्तंभ देऊन मोकळा होतो.

आता शब्दाकडे. ‘गट’ चालेल, त्यावर वेळ घालवत नाही. ‘वर्ग’ मात्र इथे सोन्यासारखा शब्द आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘वृजी वर्जने’ (टाळणे, वगळणे) असा धातू आहे, त्यावरून वर्ज्य, त्यावरूनच वर्ग. काही जण वर्ग हा ‘वृ’, म्हणजे निवडणे, यावरून सांगतात. त्यांनी मग शेवटचा ‘ग’ कुठून आणला तेही सांगावं. ‘वृज्’चा ‘ज’ घञ् या नाम बनवणाऱ्या प्रत्ययापुढे ‘ग’ होतो, जसा ‘त्यज्’चा त्याग आणि ‘भुज्’चा भोग. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनिअर-विल्यम्सही वर्ग ‘वृज्’खालीच देतो. वर्ग म्हणजे इतरांना वर्ज्य करून वेगळा काढलेला समूह. एका पक्ष्याच्या ओळीत गटांच्या एकाच स्तंभात १ आणि बाकी सगळीकडे ०, ही फाइलीची शिस्त त्या धातूतच आहे. पक्षी एका वर्गात गेला की बाकीचे वर्ग त्याला वर्ज्य. म्हणूनच इथे वय म्हणजे खूण करतानाचं वय. पिल्लू पुढे प्रौढ झालं तरी त्याचा स्तंभ बदलत नाही. वाढतं वय नंतर मॉडेल मांडताना हाताळायचं असतं.

पण खरा आनंद ‘संवर्ग’ या शब्दात आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना बदल्यांच्या ‘विशेष संवर्गा’मुळे तो तोंडपाठ आहे. तिथे त्याचा अर्थ प्रवर्ग, श्रेणी. आणि आर्यभट इ. स. ४९९च्या सुमारास काय लिहितो? ‘सदृशद्वयस्य संवर्गः’, दोन समान संख्यांचा गुणाकार! त्याच्याकडे संवर्ग म्हणजे गुणाकार. छांदोग्य उपनिषदात वायूला संवर्ग म्हटलं आहे, कारण अग्नी, सूर्य, चंद्र त्यातच लीन होतात. सम् लागला की वर्जणारा धातू सगळं आपल्यात ओढून घेतो. गुणाकारात दोन संख्या तशाच एकीत सामावतात. आता नर-प्रौढ हा गट पाहा. तो लिंग आणि वय या दोन निकषांना आपल्यात घेतो आणि अशा गटांची संख्या गुणाकारानेच निघते. सरकारी अर्थ आणि आर्यभटाचा अर्थ, दोन्ही एका स्तंभात लागू पडणारा हा शब्द हाताशी असताना ‘ग्रुप व्हेरिएबल’ असले इंग्रजी शब्द कशाला घोकायचे? निकष आणि संवर्ग, एवढ्या दोन शब्दांत काम होतं.

‘उपगट’ सुचवणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. उपगट म्हटलं की एक निकष वरचा आणि दुसरा त्याच्या पोटातला ठरतो. इथे नराच्या पोटात प्रौढ नाही आणि प्रौढाच्या पोटात नर नाही. स्तंभांचा क्रम तुम्ही ठरवाल तो, फक्त तो प्रत्येक ओळीत तोच हवा आणि प्रणालीत गटांना नावं देतानाही तोच.

स्तंभातला आकडा उणेही असू शकतो. पक्षी शेवटच्या वेळी पकडला आणि मेल्यामुळे किंवा काढून घेतल्यामुळे परत सोडलाच नाही, तर त्याच्या संवर्गात १ ऐवजी -१ लिहायचं. नर की मादी हे कळलंच नसेल तर ‘अज्ञात’ हा लिंगाचा तिसरा पर्याय धरा. मग संवर्ग सहा, स्तंभ सहा. अंदाजाने नर लिहू नका.