वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी हातात किती?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि ब्रोशरच्या मागे बिल्डरच्या माणसानं पेनानं लिहून दिलेले आकडे फोटो मोठा करून तीनदा. नाव देऊ नका म्हणालात, देत नाही. पण तुमच्यासारखी घरं कोल्हापुरात पुष्कळ आहेत, म्हणून आकडे तेवढे उघड मांडतो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मिस्टर गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहेत, हातात 58,000 येतात, त्यातले 11,000 ओव्हरटाइमचे. ताई खासगी शाळेत शिकवतात, पगार 22,000. राजारामपुरीत 11,000 भाड्यानं राहतात, मुलगी तिसरीत. सासरे सोबत असतात. त्यांचं कुरुंदवाडकडचं घर 2019 आणि 2021 असं दोनदा पाण्यात गेलं. आता त्यांचं एकच म्हणणं, डोळे मिटायच्या आत आपल्या घरात राहायचं, भाडं म्हणजे पंचगंगेत सोडलेले पैसे. बघितलेला फ्लॅट नागाळा पार्कच्या मागच्या अंगाला आहे, टू बीएचके, कार्पेट 690 चौरस फूट, तिसरा मजला, काम अजून चालू. 51,000 टोकन दिलंय. दसऱ्याच्या आत बुकिंग केलं तर पार्किंग फुकट, असं सांगितलंय. घ्यावा का?

हा फ्लॅट, या आकड्यांत, यंदा घेऊ नका. घर घ्या, ते जमण्यासारखं आहे. कसं ते सांगतो.

आधी सासऱ्यांचा मुद्दा, कारण घरात त्यांचाच शब्द जड असणार. बँकेनं तुम्हाला 37 लाख 20 हजारांचं कर्ज सांगितलंय, 20 वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता 32,283. त्यातल्या पहिल्या हप्त्यात 26,350 रुपये निव्वळ व्याज असतं. मुद्दलात पडतात 5,933. भाडं पंचगंगेत जातं म्हणायचं, तर हे 26,350 कुठल्या नदीत जातात? घरमालकाला 11,000 देण्याऐवजी बँकेला जवळजवळ अडीचपट भाडं द्यायचं, आणि पहिली काही वर्षं तरी चित्र तेच राहतं. याचा अर्थ घर घेऊ नये असा अजिबात नाही. भाडं वाचतं हे कारण मात्र यादीतून काढून टाका, आपल्या घराची बाकीची कारणं खरी आहेत.

दुसरं कारण तुम्ही लिहिलंय, 'टॅक्समध्ये वाचेल असं बँकवाले म्हणाले'. तुमच्या घरात काही वाचणार नाही. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पगारदाराला आता कर पडतच नाही, आणि तुम्ही दोघंही त्याच्या बरेच खाली आहात. त्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटही नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवणार कसा?

आता ब्रोशरच्या मागचे आकडे. फ्लॅट 43 लाख 60 हजार, पार्किंग 2 लाख, लाइट-पाण्याचं कनेक्शन आणि मीटर 90 हजार, मिळून 46 लाख 50 हजार. त्यावर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 2 लाख 32 हजार 500. मुद्रांक शुल्क शहरात 6 टक्के, 2 लाख 79 हजार. नोंदणी फी 30 हजार, वकील 15 हजार. झाले 52 लाख 6 हजार 500. इथं त्या माणसाचं पेन थांबलं. तुमचं थांबायला नको होतं. ग्रिल, ट्रॉल्या, कपाटं, पंखे, गिझर यांचे 4 लाख तुम्हीच पत्रात दुसरीकडे लिहिलेत, वास्तुशांतीचे 75 हजार तिसरीकडे. एकूण जवळजवळ 56 लाख 81 हजार.

कर्ज 30 लाखांच्या वर आणि 75 लाखांच्या आत असलं की बँकेला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देता येतं, आणि त्या किमतीत मुद्रांक-नोंदणी धरत नाहीत. म्हणजे घरातून काढायचे 19 लाख 61 हजार. तुमच्याकडे एफडी 9 लाख, म्युच्युअल फंडात 2 लाख 40 हजार, भिशीची उचल 2 लाख, आणि दीर 3 लाख देतो म्हणाले, 'सवडीनं द्या'. हे 16 लाख 40 हजार. उरलेल्या 3 लाख 20 हजारांसाठी सोनं ठेवायचा विचार आहे.

वास्तुशांतीला लोक येतील, जेवतील, कौतुक करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या हातात किती असेल? काहीच नसेल. उलट सोन्यावरचं व्याज, दिरांचे 3 लाख, आणि भिशी. भिशीकडे तुम्ही साठवलेले पैसे म्हणून बघताय. वीस जणांची भिशी, महिना 10,000, तुम्ही नऊ हप्ते भरलेत. आज उचल घेतली तर 2 लाखांतले 90 हजार तुमचे आणि 1 लाख 10 हजार उसने. पुढचे अकरा महिने ते 10,000 जात राहणार, हप्त्याच्या बरोबरीनं.

आणि महिन्याचं गणित? घरखर्च तुम्ही 38,000 लिहिलाय, शाळेची फी आणि सासऱ्यांची औषधं धरून. त्यात हप्ता 32,283 आणि मेंटेनन्स-घरफाळ्याचे 2,000 मिळवले की 72,283. ओव्हरटाइम सोडून तुमचं दोघांचं उत्पन्न 69,000. म्हणजे ओव्हरटाइम बंद झाला की महिन्याला 3,283 कमी पडणार, आणि भिशी अजून यात धरलेलीच नाही. मिस्टर म्हणतील, ओव्हरटाइम चार वर्षं बंद झालेला नाही. असेल. पण आपल्याकडच्या फौंड्र्या गाड्या आणि ट्रॅक्टरच्या कास्टिंगवर चालतात. 2019 साली गाड्यांचा बाजार बसला तेव्हा माझ्याकडे आलेल्या शिरोलीच्या दोन कुटुंबांत पगार राहिला होता, ओव्हरटाइम मात्र पहिल्याच महिन्यात गेला होता. दोघांचाही हप्ता ओव्हरटाइम धरून बसवलेला. घर महाग पडलं म्हणून कुणी अडचणीत आलेलं मी फार बघितलं नाही. घर घेतल्यावरची पहिली तीन वर्षं रिकाम्या हातानं काढावी लागली, म्हणून आलेले मात्र बरेच बघितले.

त्या पार्किंगच्या ऑफरकडे मात्र नीट बघा, बिल्डरच्या माणसाला स्वतःला कळलंय का मला शंका आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी 5 टक्के. पण सगळं मिळून किंमत 45 लाखांपर्यंत असेल, आणि कोल्हापूरसारख्या शहरात कार्पेट 90 चौरस मीटरच्या आत असेल, तर 1 टक्का. तुमचा फ्लॅट 690 फूट, 90 मीटर म्हणजे साधारण 968 फूट, तिथं अडचण नाही. अडचण किमतीची होती, कारण या 45 लाखांत पार्किंग आणि बिल्डरनं लावलेले असे इतर आकारही धरतात. पार्किंग खरंच फुकट झालं तर किंमत 44 लाख 50 हजार, आणि जीएसटी 2 लाख 32 हजारांवरून 44,500 वर येतो. वर खरेदी फक्त तुमच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात बाईमाणसाला 1 टक्का सूट आहे. मिस्टरांचं नाव मालक म्हणून घातलं की ती सूट जाते. कर्जाला ते सहकर्जदार राहू शकतात. हे सगळं जमवलं तर 52 लाख 6 हजारांचे 47 लाख 62 हजार होतात. साडेचार लाखांच्या आसपास फरक, त्यातले 2 लाख पार्किंगचे, बाकीचे नुसत्या कागदाच्या मांडणीत. मात्र 'वरचे रोखीत द्या' असं कुणी म्हटलं तर तिथंच उठा. किंमत खरोखर कमी व्हायला हवी.

मग तर घ्यावाच की, असं मिस्टर म्हणतील. तरीही नको, कारण घरातून काढायचे 16 लाख 77 हजार राहतातच, आणि तिजोरी रिकामी ती रिकामीच. शिवाय पाणी.

तुम्ही लिहिलंय, 'तिसरा मजला आहे, पाणी कुठं येतंय.' पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका 43. 2019 ला आणि 2021 ला दोन्ही वेळा पाणी 50 फुटांच्या वर गेलं होतं, आणि नागाळा पार्क, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांत कुठवर आलं ते शहरानं बघितलंय. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, खरं आहे. पण मीटर, लिफ्टची मोटर, पाण्याची टाकी, तुमची गाडी, सगळं खालीच असतं. सासरे गुडघेदुखीचे. आठ दिवस लाइट नाही, लिफ्ट नाही, म्हणजे त्यांना पुन्हा कुरुंदवाडच. सगळाच नागाळा पार्क बुडतो असं मी म्हणत नाही, दोन गल्ल्यांत फरक असतो. म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या जागेचा झोन दाखला काढा आणि पूररेषेच्या नकाशावर ती कुठं बसते ते विचारा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि दाखल्याआधी एक फुकटचं काम करा. त्या गल्लीतल्या किराणा दुकानात जाऊन विचारा, 'पाणी कुठवर आलतं?' दुकानदार भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

दिरांनी सुचवलेली पाचगावच्या पुढची दोन गुंठ्यांची जागा मी एका वाक्यात नाकारतो. सातबाऱ्यावर चार-पाच नावं, बिगरशेतीचा आदेश नाही, गुंठेवारी नियमित झाल्याचा कागद नाही, त्यावर मोठी बँक कर्ज देणार नाही आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची ती वेगळी.

मग काय घ्यायचं? वापरलेला फ्लॅट. दहा-बारा वर्षांची इमारत, 34 लाखांच्या आसपास, साने गुरुजी वसाहत, देवकर पाणंद, कळंब्याकडे फिरून बघा. नवीनच पाहिजे हा आग्रह मला कधी कळला नाही. भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या इमारतीत जीएसटी नाही, ताबा कधी मिळेल ही काळजी नाही, पाणी किती येतं ते शेजारीण सांगते. 34 लाखांवर तुमच्या नावानं 5 टक्के मुद्रांक 1 लाख 70 हजार, नोंदणी 30 हजार, वकील-एजंट 50 हजार, रंग आणि बाथरूमची दुरुस्ती 2 लाख. साडेअडतीस. कर्ज 27 लाख, घरातून साडेअकरा. हप्ता 23,431. ओव्हरटाइम शून्य धरला तरी मेंटेनन्स देऊन महिन्याला साडेपाच हजार उरतात. ओव्हरटाइम आला की तो कर्जात भरा, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर आधी फेडल्याचा दंड लागत नाही. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च, डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारतीतले फ्लॅट आणि त्यांचे हिस्से नोंदवणारा दस्त) आणि घरफाळा-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या बघून घ्या. व्याजदरासाठी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेतही विचारा. तुम्हाला दर सांगणारी बँक सहकारी आहे, आणि रिझर्व्ह बँकेचा रेपो दर कमी झाला की हप्ता आपोआप खाली यायचा नियम तिथं लागू नाही.

कर्जासोबत जो विमा गळ्यात मारला जातो तो घेऊ नका. मिस्टरांचा साधा टर्म विमा वेगळा, आणि इमारतीसाठी 'भारत गृह रक्षा' वेगळी. त्यात पूर धरलेला आहे.

हे यंदा करू नका म्हणतो, त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. पगार 80,000. खर्च 38,000, भाडं 11,000, भिशी 10,000, एसआयपी 5,000. बेरीज 64,000. उरलेले 16,000 कुठं जातात? तुम्हीच लिहिलंय, 'कळत नाही.' तर पुढच्या महिन्यापासून असं धरा की 34 लाखांचं घर घेतलेलं आहे. नवा हप्ता आणि मेंटेनन्स वजा आजचं भाडं, साधारण 14,000, एक तारखेला आरडीत. बारा महिने. भिशीची उचल आत्ता घेऊ नका, शेवटची घ्या. वर्षानं एफडी, फंड, भिशी आणि आरडी मिळून 15 लाखांच्या वर होतात. साडेअकरा घराला, आणि सहा महिन्यांचा खर्च व हप्ता मिळून पावणेचार लाख बाजूला. दिरांचे 3 लाख लागत नाहीत, सोनं कपाटातून हलत नाही. सासऱ्यांना अजून एक वर्ष थांबायला सांगणं अवघड आहे, मला कळतं. त्यांना हे उत्तर तुम्ही वाचून दाखवण्यापेक्षा मिस्टरांना वाचू द्या.

बिल्डरला टोकन परत मागायचं पत्र लेखी द्या, पोच घ्या. ते कुरकुर करतील. नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांच्या वर तर काहीच देऊ नका, रेरा कायद्यात त्यांना त्याहून जास्त घेता येत नाही. आणि आरडीचे पहिले तीन हप्ते गेले की मला परत लिहा. त्या 16,000 चं काय व्हायचं, ते मलाही जाणून घ्यायचंय.