वाचकांचे प्रश्न : छोट्या बोटीच्या केबिनमध्ये एसी

प्रश्न : माझ्याकडे २२ फुटी फायबरची बोट असून तिला पेट्रोलवर चालणारे आउटबोर्ड इंजिन आहे. बोट बेलापूरच्या खाडीत नांगरलेली असते. सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघे घारापुरीच्या बाजूला किंवा मांडव्याला जातो आणि कधी रात्री केबिनमध्येच झोपतो. मार्चपासून पुढे मात्र आत बसवत नाही. घरचा पाऊण टनाचा एसी बसवावा आणि मागच्या डेकवर छोटा पेट्रोल जनरेटर ठेवावा, असे एका मेकॅनिकने सुचवले आहे. आपले मत काय? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : जनरेटरचे आधी लिहितो, कारण इतर चुका पैसे खर्चून सुधारता येतात आणि ही सुधारता येत नाही. पेट्रोल जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. बोट नांगरावर उभी असताना तिचे नाक वाऱ्याकडे वळते, केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या डेकवरचा धूर उलट केबिनच्या दाराकडे ओढला जातो. डोके जड होणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत. बोटीवर ती कोणाला जाणवली, तर बाकीचे ‘बोट लागली असेल, जरा आत आडवा हो’ असेच म्हणणार, म्हणजे त्या माणसाला नेमके जिथे जायला नको तिथेच पाठवणार. झोपेत तर एवढेही कळत नाही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचते आणि घरगुती जनरेटरची किंवा एसीची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून हा सल्ला कृपया मानू नका. एसी बसवा अथवा न बसवा, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र या आठवड्यातच लावून घ्या.

आता विजेचा हिशेब पाहू. आपल्या केबिनला ५,००० ते ६,००० बीटीयूचे यंत्र, म्हणजे जवळपास अर्धा टन, पुरेसे आहे. त्याहून मोठे यंत्र हवा पटकन गार करून लगेच बंद पडते आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. आपल्या किनाऱ्यावर खरा जाच दमटपणाचाच असल्यामुळे केबिन गार होऊनही अंग चिकटच राहते. असे अर्ध्या टनाचे यंत्र साधारण ६०० वॅट वीज घेते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून ते चालवायचे, तर ५५ ते ६० अँपिअर सतत ओढले जातात. १०० अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, हा नियम पाळला, तर तासाभराच्या आतच एसी बंद करावा लागेल, आणि त्याच बॅटरीवर परतीचे इंजिन सुरू व्हायचे असेल, तर अंधार पडायच्या वेळी आपण खाडीत अडकून पडाल. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी निम्म्याच्या बरीच खाली उतरवता येते, त्यामुळे अशी ३०० अँपिअर-तासांची वेगळी बॅटरी घेतल्यास चार-पाच तास निघतात. पण ती भरायला किनाऱ्यावरची वीज हवी, आणि नांगरावर उभ्या असलेल्या बोटीला ती मिळत नाही. बॅटरी दर वेळी घरी नेऊन भरायची तयारी असेल, तरच हा मार्ग धरावा.

बोटींसाठीचे खास एसी समुद्राच्या पाण्यावर गार होतात. तळाला पाडलेल्या छिद्रातून पंप पाणी ओढतो, ते कंडेन्सरमधून, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातून, फिरते आणि बाजूने बाहेर पडते. कंडेन्सरची नळी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची असल्यामुळे खारे पाणी तिला लवकर खात नाही. घरच्या एसीचे अॅल्युमिनियमचे पाते मात्र खाऱ्या हवेत फार दिवस टिकत नाही. यंत्रणा चांगली आहे, परंतु तिचा पंप स्वतःहून पाणी वर खेचू शकत नाही, तो पाण्याच्या पातळीखालीच बसवावा लागतो आणि त्याला सतत पाणी लागते. बेलापूरच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीला किती बोटी चिखलावर टेकलेल्या असतात, हे आपण दिवाळ्याच्या कोळीवाड्यापाशी उभे राहून पाहिलेच असेल. आपली बोटही टेकत असेल, तर त्या वेळी पंप कोरडा फिरेल, आणि पाणी असेल तेव्हाही पंपाआधीच्या पाण्याच्या गाळणीत गाळ बसत राहील. मांडव्याला खोल पाण्यात नांगर टाकलात, तर ही अडचण येणार नाही. म्हणजे आपली रात्र नेहमी कुठे जाते, यावर हा निर्णय अवलंबून आहे.

माझे स्पष्ट मत असे की, या वर्षी एसी घेऊ नये. मेच्या दुपारी दोन वाजता केबिनच्या छताला आतून हात लावून पाहा. तळहात तिथे ठेववत नाही. उष्णता तिथूनच उतरते. छताच्या आतून बंद छिद्रांच्या फोमचा पाऊण-एक इंचाचा थर चिकटवा, छताच्या वर वीतभर अंतर सोडून पांढरे कापड ताणा, पुढची झडप वाऱ्याकडे उघडेल अशी करा आणि १२ व्होल्टचे दोन पंखे लावा. दोन्ही पंखे मिळून दोन-तीन अँपिअरपेक्षा जास्त घेत नाहीत, त्यामुळे ते रात्रभर चालतात. पुढे कधी एसी बसवलाच, तरीही हे सगळे उपयोगी पडेल, कारण सावलीतल्या केबिनला लहान यंत्र पुरते.

त्यानंतरही एसी हवाच असे वाटले, तर छिद्र पाडण्याचे काम पावसाळ्यात बोट वर ओढलेली असताना करून घ्या. पाण्याखालच्या प्रत्येक छिद्राला बंद करता येणारा कांस्याचा कॉक असलाच पाहिजे, आणि पाइपला दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेस क्लॅम्प हवेत. तळाला छिद्र पाडण्याआधी बोटीची नोंदणी जिथे आहे तिथे आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

प्रश्न : माझ्या डिझेल बोटीवर समुद्राच्या पाण्यावर चालणारा एसी आहे. सुरू केल्यावर वीस मिनिटे छान गार होते, मग यंत्र ‘हाय प्रेशर’ दाखवून बंद पडते. गॅस भरून घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गॅसला अजून हात लावू देऊ नका. हा बिघाड बहुतेक वेळा पाणी कमी मिळाल्याचा असतो. एसी चालू असताना बाजूने पडणारी धार पाहा. ती अंगठ्याएवढी जाड आणि अखंड हवी. धार करंगळीएवढी असेल किंवा तुटक पडत असेल, तर कॉक बंद करून गाळणी उघडा. ठाण्याच्या खाडीत चार-सहा फेऱ्यांतच गाळणीच्या जाळीवर राखाडी गाळाचा लेप बसतो आणि त्यात बहुधा प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडाही सापडतो. गाळणी स्वच्छ असूनही धार बारीक असेल, तर तळाच्या छिद्रात कालवे वाढली आहेत का, ते पाहा. पाइपला कुठे उंचवटा राहिला असेल, तर तिथे हवा अडकते. पाइप पंपापासून यंत्रापर्यंत सारखा चढत गेला पाहिजे. धार जोरात असूनही यंत्र बंद पडत असेल, तेव्हा कंडेन्सरमधले क्षार धुऊन काढावे लागतील, आणि त्यानंतरच गॅसचा दाब तपासून घ्यावा.