जाक देमी : गाणे हीच बोली

फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी (१९३१–१९९०) यांच्या संगीतपटांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे आहेत.

प्रश्न : ‘शेरबूरच्या छत्र्या’ या चित्रपटात एकही वाक्य साधेपणाने बोललेले नाही, सर्व संवाद गायलेले आहेत. हे कृत्रिम वाटत नाही का? आपल्या संगीत नाटकाशी त्याची तुलना करता येईल का?

उत्तर : पहिली काही मिनिटे कृत्रिम वाटते, हे मान्य करायला हवे. तुलना मात्र फरक कळण्यापुरतीच उपयोगी आहे. संगीत नाटकात गद्य थांबते आणि पद सुरू होते, त्यामुळे पदाला आपोआप एक उंची लाभते. देमींनी ती पायरीच काढून टाकली. १९६४ साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट एका गॅरेजमध्ये सुरू होतो, आणि त्यातील पहिले संभाषण गिऱ्हाइकाच्या गाडीचे इंजिन थंड असताना अजून थोडे वाजते एवढ्याच विषयावर आहे. पुढे गॅरेजमधलाच एक कामगार म्हणतो की ऑपेरात सतत गाणारी माणसे आपल्याला सोसत नाहीत, त्यापेक्षा सिनेमा बरा. आणि हेसुद्धा तो गाऊनच सांगतो. सगळेच गायले जात असल्यामुळे गाणे अलंकार न राहता त्या गावाची बोली होते. (देमींचे वडील नांत शहरात गॅरेज चालवत असत, त्यामुळे हे वातावरण त्यांच्या घरचेच होते.)

या बोलीचे खरे सामर्थ्य शेवटी कळते. गॅरेजमध्ये काम करणारा नायक गी याला अल्जीरियाच्या युद्धासाठी सैन्यात जावे लागते, त्याची पत्रे कमी होत जातात, आणि त्याची गरोदर प्रेयसी जनव्हिएव्ह दुसऱ्याशी लग्न करते. १९६३ च्या डिसेंबरात, बर्फ पडत असताना, ती योगायोगाने त्याच्याच पेट्रोल पंपावर येते. गाडीत बसलेल्या मुलीचे नाव फ्रांस्वाज आहे, गीच्या मुलाचे नाव फ्रांस्वा आहे, आणि हे नाव दोघांनी फार पूर्वी एकत्र ठरवले होते. मुलीला पाहायचे आहे का, असे ती विचारते आणि तो नकार देतो. पेट्रोल सुपर हवे की साधे, हा प्रश्नही याच भेटीत विचारला जातो. शब्द इतके रोजचे आणि चाल इतकी व्याकुळ, यातच त्या दृश्याचे सारे बळ आहे.

प्रश्न : जनव्हिएव्हची भूमिका करणारी कॅथरिन दनव स्वतः गायली आहे का?

उत्तर : नाही, तिच्यासाठी दानिएल लिकारी हिचा आवाज वापरला आहे. पार्श्वगायन आपल्याला नवीन नाही, पण येथे संपूर्ण चित्रपटाचे संगीत आधी ध्वनिमुद्रित झाले होते, त्यामुळे पात्राने दारापर्यंत किती वेळात पोहोचायचे आणि कोठे थांबायचे हेही मिशेल लग्रां यांच्या संगीताने ठरवून टाकले होते. नटांसाठी ही कठोर शिस्त होती. देमींच्याच ‘रोशफोरच्या तरुणी’ (१९६७) मधील प्रमुख कलावंतांपैकी दानिएल दारिय मात्र स्वतःच्या आवाजात गायल्या आहेत.

प्रश्न : त्यांच्या चित्रपटांतील भडक रंग केवळ देखणेपणासाठी आहेत का?

उत्तर : मला तसे वाटत नाही. कलादिग्दर्शक बेर्नार एव्हँ यांनी भिंतींवरील कागदाचे आणि पात्रांच्या कपड्यांचे रंग एकमेकांशी जुळवले; रोशफोरमध्ये तर खऱ्याखुऱ्या घरांच्या खिडक्यांची दारे रंगवून घेतली. परंतु त्या रंगीत खोल्यांमध्ये माणसे पैशांच्या अडचणी, युद्ध आणि ताटातूट यांविषयीच बोलत असतात. रंग काढून टाकले तर उरेल ती दुःखाचीच गोष्ट. मूळ फिल्मचे रंग काळाबरोबर फिके पडले होते. देमींच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी, दिग्दर्शिका आन्येस वार्दा, यांच्या देखरेखीखाली ते पुन्हा उजळवण्यात आले.

प्रश्न : १९७० नंतर त्यांची प्रतिभा ओसरली, असे वाचले. ते खरे आहे का?

उत्तर : ‘गाढवाचे कातडे’ (१९७०) ही फ्रेंच लेखक शार्ल पेरो याच्या परीकथेवरील निर्मिती लोकप्रिय झाली, आणि त्यानंतरचा काळ अवघड गेला. तरीही ‘शहरातील एक खोली’ (१९८२) पाहिल्याशिवाय हे विधान कोणी करू नये. १९५५ साली नांतमध्ये झालेल्या कामगारांच्या संपावरील या चित्रपटातही सर्व संवाद गायलेले आहेत. सुरुवातीलाच संपकरी आणि पोलीस समोरासमोर उभे राहून गातात, आणि ते दृश्य क्षणभरही हास्यास्पद होत नाही. संगीत लग्रां यांचे नसून मिशेल कोलोंबिए यांचे आहे. चित्रपटाला प्रेक्षक लाभले नाहीत, तेव्हा अनेक समीक्षकांनी त्याच्या समर्थनार्थ जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. माझ्या मते ही त्यांची सर्वांत धाडसी कृती आहे.

प्रश्न : सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ‘लोला’ (१९६१) पासून. हा कृष्णधवल चित्रपट नांतमध्येच घडतो आणि त्यातील रोलां कासार हा तरुण लोलाच्या प्रेमात पडून रिकाम्या हातांनी शहर सोडतो. ‘शेरबूरच्या छत्र्या’मध्ये जनव्हिएव्हशी लग्न करणारा जवाहिऱ्या हाच कासार आहे. तो आपल्या जुन्या प्रेमाचा उल्लेख करतो, तेव्हा कॅमेरा नांतच्या पॅसाज पोमरे या छत असलेल्या बाजारपेठेतून फिरतो. ‘लोला’ पाहिलेल्या प्रेक्षकाला तेथे पूर्वी कोण भेटले होते ते ठाऊक असते.