'प्रजाती' म्हणावे की 'जाती'?

प्रश्न असा आहे : विशाळगडावर कंदीलपुष्पाची (कंदिलासारखे फूल येणाऱ्या रानवनस्पतीची) 'नवी प्रजाती' सापडल्याचे आपण वाचतो, पण शाळेच्या पुस्तकात 'प्रजाती' म्हणजे जीनस आणि 'जाती' म्हणजे स्पीशीज असे शिकलेले असते. मग जे सापडले ते नेमके काय, आणि त्याला 'शोध लागला' म्हणावे का?

पुस्तक बरोबर आहे. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड मराठीत रुजलेली आहे आणि तिच्यात प्रजातीच्या पोटात अनेक जाती येतात. काही लेखक प्रजातीऐवजी 'वंश' म्हणतात. विशाळगडावर जे आढळले आणि 2023 मध्ये 'सेरोपेजिया शिवरायियाना' या नावाने प्रसिद्ध झाले, ती सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्प, या वंशातील एक नवी जाती आहे. वंश जुनाच, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 मध्ये नोंदवलेला. दोन्ही पातळ्यांना एकच शब्द वापरला, तर 'सेरोपेजिया प्रजातीतील नवी प्रजाती' असे वाक्य तयार होते आणि वाचकाला त्यातून काहीच कळत नाही.

हा घोळ का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. हिंदीत जीनसला 'वंश' म्हणतात आणि हिंदी वृत्तलेखनात स्पीशीजसाठी 'प्रजाति' सर्रास चालतो. तेथील वापराचा आपल्या बातम्यांवर परिणाम झाला असावा. दुसरे कारण मला अधिक बलवान वाटते. 'जात' आणि 'जाती' हे शब्द आपल्या समाजात माणसांच्या विभागणीशी इतके घट्ट जोडले गेले आहेत, की 'नव्या जातीचा शोध' असे लिहिताना संपादकाचा हात अडखळतो, आणि हे अडखळणे मला रास्त वाटते. शिवाय 'जाती' हे एकवचनही आहे आणि 'जात'चे अनेकवचनही, त्यामुळे 'जाती सापडली' की 'जाती सापडल्या' हे क्रियापदावरूनच ठरते.

'प्र' या उपसर्गावरून निकाल लावता येईल, असे कोणाला वाटेल. पण तो दोन्ही दिशांना जातो. प्रपितामह पितामहाच्याही आधीचा, तर प्रपौत्र पौत्राच्याही नंतरचा. म्हणजे 'प्रजाती' जातीहून मोठी की लहान, हे व्युत्पत्ती सांगत नाही, परिभाषा सांगते. आणि मराठी परिभाषेने ती मोठी ठरवली आहे.

माझे मत असे, की जीनससाठी 'वंश' वापरावा, कारण त्याचा गोंधळ कशाशीच होत नाही, आणि स्पीशीजसाठी 'जाती'च ठेवावा. तो उघडा लिहिणे खटकत असेल तेथे 'वनस्पतिजाती', 'प्राणिजाती' असा समास करावा. हापूस किंवा पायरी यांना मात्र आंब्याची 'जात' किंवा 'वाण' म्हणावे. त्या एकाच जातीच्या अंतर्गत माणसाने निवडून जोपासलेल्या आहेत.

आता 'शोध'. डोंगरातल्या लोकांनी ती वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली असू शकते, कदाचित तिचा कंदही खाल्लेला असेल. वनस्पतिशास्त्रज्ञ करतात ते काम वेगळे असते : नमुना गोळा करून वाळवणे, वंशातील ज्ञात जातींशी पाकळ्या, परागकोश, कंद यांची तुलना करणे, वेगळेपण शब्दांत मांडणे, एक नमुना 'होलोटाइप' म्हणून, म्हणजे त्या नावाचा आधारनमुना म्हणून, वनस्पतिसंग्रहात जमा करणे आणि नाव रीतसर प्रसिद्ध करणे. याला 'वर्णन करणे' हाच नेमका शब्द आहे. 'विज्ञानाला नव्या असलेल्या जातीचे वर्णन केले' हे वाक्य लांब वाटेल, पण ते खरे आहे आणि स्थानिकांचे ज्ञान पुसून टाकत नाही. 1935 पासून 2011 अखेरपर्यंत हे वर्णन किंवा निदान वेगळेपणाचा सारांश लॅटिनमध्ये देणे वनस्पतींच्या बाबतीत बंधनकारक होते. 2012 पासून इंग्रजीही चालते.

नावे मात्र आजही लॅटिन व्याकरणानेच चालतात, आणि ती घडण मराठी माणसाला मुळीच परकी वाटू नये. सेरोपेजिया हे स्त्रीलिंगी नाम आहे, म्हणून विशेषण विशेष्याचे लिंग घेते : सह्याद्रीवरून 'सह्याद्रिका', नाशिकजवळच्या अंजनेरीवरून 'अंजनेरिका', शिवरायांवरून 'शिवरायियाना'. 'सेरोपेजिया हुबेरी' या नावातील 'हुबेरी' मात्र विशेषण नाही, ती षष्ठी आहे : 'हुबर यांची', म्हणजे या वंशाचा अभ्यास करणाऱ्या हर्बर्ट हुबर यांची. लिंगाचा हा नियम वंश बदलताना विशेष उमटतो. मालवणवरून नाव मिळालेली 'ब्रॅकिस्टेल्मा मालवनेन्से' पाहा. ब्रॅकिस्टेल्मा हे वंशनाम नपुंसकलिंगी आहे. काही अभ्यासकांनी तो सगळा वंशच सेरोपेजियात सामावून घेतला आहे, आणि त्यांच्या मताप्रमाणे लिहायचे तर शेवट बदलून 'मालवनेन्सिस' करावा लागतो. झाड तेच, गाव तेच, फक्त विशेष्य बदलले; 'चांगले घर' आणि 'चांगली वाडी' यांत आपण नेमके हेच करतो.

म्हणून त्या बातमीचा मथळा मी असा लिहीन : 'विशाळगडावरून कंदीलपुष्पाच्या नव्या वनस्पतिजातीची नोंद', आणि पहिल्याच वाक्यात सांगेन, की ती सेरोपेजिया या वंशातील आहे.