ओढणाऱ्याच्या हातात काय असतं?

प्रश्न : मी भरतनाट्यम शिकले आहे. सध्या मित्राबरोबर आठ मिनिटांचं समकालीन ड्युएट बसवते आहे. विषय : ओढ आणि तिच्यातली सत्ता. तो मनगट धरून ओढतो तो भाग मारामारीसारखा दिसतो, मिठी नाटकी वाटते. शिवाय माझा खांदा दुखतो. काय चुकतंय?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी खांदा. मित्र खरंच ओढतो आणि तुम्ही अंग ताठ करून अडवता, म्हणून सगळा ताण सांध्यावर येतो. त्यानं मनगट नुसतं वेढावं. निघायचं तुम्ही, कमरेतून, आणि त्याचा हात तुमच्याबरोबर जावा. बघणाऱ्याला तो ओढतोय असंच दिसतं.

खरा भार द्यायचा असेल तिथं दोघांनी एकमेकांची मनगटं धरा. बोटं धरू नका, घामानं सुटतात. गुडघे वाकवून बैठक मागे न्या. अरैमंडीमुळे, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीमुळे, खाली बसण्याची सवय तुम्हाला आहेच, पण तिथं भार स्वतःच्याच पायांवर असतो. इथं तो दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा. श्वास रोखला की खांदे चढतात आणि तोल जातो. रोज आधी पाच मिनिटं पाठीला पाठ लावून भार इकडून तिकडे द्या. अमेरिकन नर्तक स्टीव्ह पॅक्स्टननं १९७२ मध्ये सुरू केलेल्या कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे स्पर्शातून आयत्या वेळी सुचत जाणाऱ्या नाचाचा, पाया हीच देवघेव.

भरतनाट्यमच्या अभिनयात नायक बहुधा समोर नसतो, तुमची नजर त्याला उभा करते. इथं तो साक्षात उभा आहे, तरी चेहरा सवयीनं सगळं सांगत सुटतो. भुवया शांत ठेवा. मिठीआधी वीतभर अंतरावर आठ मात्रा थांबा. ओढ त्या वीतभरातच दिसते.

सत्ता कशी दाखवायची यासाठी जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशचं ‘काफे म्युलर’ (१९७८) हे नृत्यनाट्य बघा. मिठीतल्या जोडप्याचे हात तिसरा माणूस सोडवतो, ओठ जुळवतो, तिला त्याच्या हातांवर ठेवतो. ती निसटून पडते, उठून पुन्हा बिलगते. वेग वाढत जातो. शेवटी तो तिसरा गेल्यावरही दोघं तेच करत राहतात. मनगट कुणी पिरगळत नाही, तरी अंगावर काटा येतो. तुमच्याही प्रत्येक हालचालीपुढे वहीत लिहा : सुरुवात कुणाची? सगळीकडे त्याचंच नाव आलं, तर चौथ्या मिनिटाला उलटवा.

हात कुठं चालेल, कुठं नाही, हे रोज तालमीआधी बोला. कालचा होकार आज गृहीत धरू नका. ‘थांब’ म्हटलं की कारण न विचारता थांबायचं. खांद्याचं दुखणं मात्र आठवडाभरात थांबलं नाही, तर भाराचे भाग बंद ठेवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.